वाफा पायांवर उभा केला की मातीचा स्वभाव बदलतो

आमच्या गच्चीवरचा पहिला उंच वाफा मी सासूबाईंसाठी करून घेतला. परसात मेथी-कोथिंबीर लावण्यात त्यांचा जन्म गेला. गुडघ्यांनी खाली बसणं बंद केलं, तसं ते सगळं सुटलं. मग वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा सांगाडा करून घेतला. चार फूट बाय दोन फूट, आत दहा इंच खोल, आणि उंची अशी की उभ्या उभ्या हात मातीत जावा. इंदूरजवळच्या सांवेरकडच्या ओळखीच्या शेतातून सहा गोण्या काळी माती आणली. ज्या मातीत गहू-हरभरा लोळतो, त्या मातीत मेथी न यायला काय झालं, असं आम्हा दोघींनाही वाटलं होतं.

मेथी चौथ्या दिवशी उगवली आणि तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडली. गाजरं करंगळीएवढी झाली आणि तिथंच थांबली. एका सकाळी मी खुरपं घेऊन कोपरा उकरला. वरचे दोन इंच वाळून भेगाळले होते, ढेकूळ फुटता फुटत नव्हतं. त्याखालची माती चिकट, काळीभोर, आणि नाक जवळ नेलं तर तुंबलेल्या मोरीचा वास. वरून कोरडी दिसते म्हणून आम्ही रोज पाणी घालत होतो आणि खाली मुळं बुडत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माती तर तीच आहे शेतातली. मग बिघडलं कुठं?"

त्यांच्या या प्रश्नातच सगळा विषय आहे. माती तीच असते, पण तिच्याखालचं जग काढून घेतलेलं असतं. जमिनीवर गादीवाफा केला तर त्याच्याखाली कित्येक फूट माती असते. जास्तीचं पाणी तिच्यात उतरत राहतं, गांडुळं वर-खाली करतात, उन्हाळ्यातल्या भेगांतून हवा खेळते. पायांवरच्या वाफ्याला दहा इंचांनंतर तळ असतो आणि तळाखाली वारा. रूपानं तो वाफा असला तरी वागतो कुंडीसारखा. पाणी, वजन, ऊन-थंडी, खत, या चारही बाबतींत त्याचे नियम कुंडीचे आहेत. हे एकदा ध्यानात घेतलं की हिवाळी भाजीचं बाकीचं गणित सोपं होतं.

आधी पाण्याचं घेते, कारण बहुतेकांचा वाफा तिथेच फसतो. स्वयंपाकघरातला भांडी घासायचा चपटा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थेंब गळतील, मग गळणं थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, त्यातली भोकंही तीच, फक्त उंची वाढली. झालं असं की बारीक भोकांमध्ये पाणी धरून ठेवायची ताकद असते, आणि प्रत्येक स्पंजाच्या तळाशी ठरावीक उंचीचा एक थर गच्च भरलेलाच राहतो. स्पंज आडवा असताना तो थर म्हणजे जवळजवळ सगळा स्पंज. उभा केला की थर तेवढाच राहतो, पण त्याच्यावर बरीच जागा मोकळी होते.

माती म्हणजे असाच स्पंज. तळाशी साचणाऱ्या ओल्या थराची उंची कण किती बारीक आहेत यावर ठरते, वाफ्याच्या तळाला भोकं किती पाडली यावर नाही. भोकं हवीतच, पण ती कितीही असली तरी तो थर उरतो. आपली माळव्याची काळी माती अतिशय बारीक चिकणमातीची; ओली झाली की फुगते, वाळली की आकसून तडकते. दहा इंचांच्या पेटीत तिचा ओला थर मुळांच्या बऱ्याचशा जागेवर बसतो. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि भरलेल्या भोकांत हवेला जागा नसते. आमची मेथी पाणी कमी पडून पिवळी झाली नव्हती, ती श्वास कोंडून पिवळी झाली.

यावर घरोघरी एक उपाय सांगतात, आणि मीही तो केला होता: तळाशी विटांचे तुकडे, खापऱ्या किंवा खडीचा थर. त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही; वरची माती पूर्ण भरेपर्यंत ते तिच्यातच अडकून राहतं. म्हणजे ओला थर तळाऐवजी खडीच्या वर येऊन बसतो आणि मुळांची जागा दोन इंचांनी कमी होते. भोकांवर नायलॉनची जाळी किंवा शेडनेटचा तुकडा टाका, माती वाहून जाऊ नये इतपत. बाकी सगळी खोली मुळांना द्या.

तेव्हा उपाय एकच, भरण्याचं मिश्रणच भरड आणि हलकं करणं. आमच्याकडे आता घमेल्याच्या मापानं दोन घमेली कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं चाळलेली माती आणि एक घमेलं भाताचं तूस किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) असं प्रमाण असतं. त्यात दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. काळी माती मी पूर्ण टाकून देत नाही. तिच्यात अन्नद्रव्यं धरून ठेवायचा गुण आहे, पण तिला सहाव्या हिश्शावर रोखायचं. कोकोपीटची वीट आधी भिजवून दोन-तीन पाण्यांतून काढा. नारळ किनाऱ्याकडचा, काथ्या बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात मुरवलेला, त्यामुळे त्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांची पानकड जळते. पाच किलोची वीट फुलून साधारण 70 लिटर होते. आमच्या वाफ्यात एकूण 190 लिटर मावतं, म्हणजे एक वीट पुरते.

खताबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण हा विषय आपल्या गावाचा आहे. जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ते कंपोस्ट इथेच घडलं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. होळकर संस्थानानं दिलेल्या जागेवर उभी राहिलेली ही संस्था, आजचं कृषी महाविद्यालय आहे ते तिथेच. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ओल आणि हवा दोन्ही सांभाळून, वेळोवेळी उलथवून सुमारे तीन महिन्यांत पक्कं खत करायची रीत बसवली आणि 1931 साली ती सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. 1935 मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते मुद्दाम हे काम पाहायला गेले होते. इंदूरकर म्हणून आपण पोहे-जिलबीचा आणि 2017 ते 2023 सलग सात वेळा मिळालेल्या स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकाचा अभिमान मिरवतो, तो मिरवावाच. पण यशवंत वाड हे नाव आपल्या मराठी घरांतून सांगितलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या कामातला गाभा उंच वाफ्याला जसाच्या तसा लागू पडतो. वाळका पाला म्हणजे बहुतेक कर्ब (कार्बन). शेण, भाजीचे ओले देठ यांत नत्र (नायट्रोजन) जास्त. कुजवणारे जीवाणू कर्ब खातात, पण स्वतःचं अंग बांधायला त्यांना नत्र लागतं. अर्धवट कुजलेला पाला वाफ्यात घातला तर ते नत्र ते मातीतूनच उचलतात आणि रोपं उपाशी राहतात. जमिनीत हे थोडंफार खपून जातं, दहा इंचांच्या पेटीत नाही. म्हणून कंपोस्ट पक्कं हवं. हातात घेतलं तर पहिल्या पावसाच्या मातीचा वास यावा, पानाची शीर ओळखू येऊ नये, ढीग आतून कोमट लागू नये. पितृपक्षात वाफा भरायचा तर घरचा ढीग आषाढातच लावायला हवा. तो राहिला असेल तर सरळ गांडूळखत विकत घ्यावं.

वजनाचा विचार गच्चीवर कुणी फारसा करत नाही, आणि मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आमच्या मापाच्या वाफ्यात निव्वळ काळी माती ओली असताना 300 किलोच्या वर जाते. वरचं हलकं मिश्रण पाणी पिऊन साधारण पावणेदोनशे किलो भरतं. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे 150 किलोचा वापराचा भार धरतात. आपल्या वाफ्याचा पाया पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही. म्हणजे हलक्या मिश्रणाचाही भार त्या तुकड्यावर जास्तच होतो, आणि आजूबाजूचा मोकळा स्लॅब तो वाटून घेतो म्हणूनच चालतं. वाफा गच्चीच्या मधोमध ठेवू नका. खाली भिंत किंवा बीम असेल अशा कडेला ठेवा, दोन वाफ्यांत अंतर ठेवा, आणि चार पायांखाली फूटभर कोटा फरशीचे तुकडे घाला. त्यानं भार पसरतो आणि वॉटरप्रूफिंगला भोक पडत नाही. इमारत जुनी असेल किंवा तीन-चार वाफे मांडायचे असतील तर आधी इंजिनिअरला बोलवा. यात कुणाचा 'काही होत नाही हो' हा सल्ला ऐकू नका.

आता उंचीचा खरा फायदा सांगते. गुडघ्यांसाठी केलेली उंची भाजीलाही उपयोगी पडली, तीही उन्हासाठी. इंदूर साधारण 22.7 अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. जूनच्या शेवटी दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून फक्त 44 अंशांवर असतो. या कोनात भिंतीची सावली भिंतीच्या उंचीएवढीच पडते. साडेतीन फुटांचा दक्षिणेचा कठडा म्हणजे दुपारी साडेतीन फूट सावली, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. जमिनीवर ठेवलेल्या कुंड्या त्या पट्ट्यात गारठून बसतात. वाफ्याची कड अडीच फुटांवर असेल तर कठडा तिच्यावर एकच फूट उरतो आणि दुपारची सावलीही फूटभरच. पालेभाजीला चार-पाच तास आणि मटार, गाजर, बीट यांना सहा तास ऊन हवं. आधीच दिवस पावणेअकरा तासांचा, त्यातला एकेक तास मोलाचा. वाफ्यातही हाच हिशोब: मटारासारखं उंच काही असेल ते उत्तरेच्या कडेला, बुटकं दक्षिणेला.

पेरणीची घाई मात्र नको. ऑक्टोबरात दुपारी पारा 30 च्या वर असतो, आणि पेटीला चारही बाजूंनी ऊन लागतं, त्यामुळे कडेची माती हवेपेक्षाही तापते. लेट्यूसचं बी गरम मातीत झोपून राहतं, उगवतच नाही. गाजरही कंटाळा करतं. आमच्याकडे पितृपक्षात वाफा भरतो आणि पाणी देऊन बसू देतो. नवरात्रात मुळा आणि मेथी, ऊन सोसणारे हे दोघे. कोजागिरीनंतर पालक, कोथिंबीर, लसूण, मटार. रात्री खरोखर गार झाल्या, म्हणजे दिवाळीच्या आसपास, तेव्हा गाजर, बीट आणि लेट्यूस. जानेवारीत इथलं किमान तापमान 10 अंशांच्या आगेमागे असतं, काही रात्री त्याहून बरंच खाली. जमिनीची ऊब नसल्यानं उंच वाफा रात्री लवकर गार होतो आणि वाढ मंदावते. म्हणून रोपं नोव्हेंबरातच अंग धरतील असं पाहायचं; डिसेंबरात पेरलेलं नुसतं बसून राहतं. मेथी मात्र दर पंधरा दिवसांनी एका ओळीत पेरत राहा, सगळी एकदम काढायला यायला नको.

बियांचेही स्वभाव आहेत. आपला पालक हा खरं तर बीटाचा सख्खा नातेवाईक, विलायती स्पिनॅच वेगळा. बीट-पालकाचं खरखरीत 'बी' म्हणजे बियांचा झुबका असतो, एकातून दोन-तीन रोपं निघतात. रात्रभर भिजवून लावा आणि नंतर एक ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटलीत तर ठेवलेल्या रोपाची मुळं हलतात. धने लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करायचे, हे घरोघरी माहीत आहेच. गाजराला उगवायला दहा ते वीस दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरची अर्धा इंच माती वाळून चालत नाही. ओलं गोणपाट अंथरा, आणि पहिला हिरवा धागा दिसताच त्याच दिवशी काढा.

गाजराची जात निवडताना खोली बघा. चोइथराम मंडीत हिवाळ्यात येणारं लांबलचक लाल गाजर हलव्यासाठी अमृत, पण दहा इंचांत त्याचं टोक तळाला टेकतं आणि फाटे फुटतात. नांतेस प्रकारचं आखूड, केशरी गाजर सहा-सात इंचांत छान होतं. मुळ्यात पूसा चेतकी लवकर लावायला चांगली. मटारात अर्केल, बुटकी आणि लवकर शेंगा धरणारी. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात थंडीत ज्याच्यासाठी गर्दी होते त्या गराडूचा मोह काहींना होतो, पण तो खोल जमिनीतला कंद आहे, वाफ्यात नको.

फुलकोबी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका रोपाला दीड फूट जागा लागते, आणि जात चुकली तर हंगाम वाया जातो. फुलकोबीचा गड्डा ठरावीक गारव्यातच धरतो. पूसा दीपालीसारख्या हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या जातींना 20 ते 27 अंश, पूसा स्नोबॉलसारख्या गरव्या, म्हणजे उशिरा येणाऱ्या जातींना 10 ते 16. गरवी जात लवकर लावली तर नुसती पानं वाढत राहतात. हळवी उशिरा लावली तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरते आणि संपते. नर्सरीतलं रोप कुठल्या जातीचं हे बऱ्याचदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तेवढ्याच जागेत लसणाची पात महिनोन् महिने मिळते.

रोजच्या पाण्याला घड्याळ लावू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. द्याल तेव्हा खालून थोडं टपकेपर्यंत द्या, नाहीतर वरचेच तीन इंच भिजतात. टपकणाऱ्या पाण्याबरोबर नत्रही वाहून जातं, आणि जमिनीसारखं ते खालून परत मिळणार नसतं. म्हणून पेटीत थोडं थोडं पण वारंवार खायला द्यावं लागतं. दर तीन आठवड्यांनी रोपांच्या ओळीत मूठ-मूठ गांडूळखत पसरून वर खुरप्यानं हलवायचं. खत कमी पडतंय हे झाड सांगतं. आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात, कारण नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती सहसा लोहाची कमतरता. बोअरचं जड पाणी सतत दिलं की आमच्याकडे असं होतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी साठवून दिलं की सुधारतं. मटार आणि मेथी यांना मात्र नत्राचं खत हात राखूनच द्या. मटाराचं एखादं रोप अलगद उपटून मुळं धुवून बघा, मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखानं एक फोडा. आतून गुलाबी असेल तर तिच्यातले जीवाणू हवेतलं नत्र धरत आहेत. सासूबाईंनी ती गाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस झाला किंवा दोन-चार दिवस आभाळ राहिलं की मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड येते. इथे उंच वाफ्याचा उपयोग होतो, पानाची खालची बाजू डोळ्यांसमोर असते. पहिल्याच दिवशी बोटानं पुसून किंवा पाण्याच्या फवाऱ्यानं मावा धुऊन टाकला तर औषधाची गरज पडत नाही. पसरलाच तर लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. कडाक्याची थंडी सांगितली असेल त्या दिवशी सकाळीच पाणी द्यावं, म्हणजे माती दिवसाची ऊब धरते, आणि रात्री वाफ्यावर जुनी सुती साडी टाकावी. ती पानांना टेकू नये म्हणून चार काठ्या आधीच रोवून ठेवा.

फेब्रुवारीच्या मध्यावर ऊन बदलतं. कोथिंबीर फुलावर येते, पालकाला दांडा फुटतो, मेथी कडू होते. मटार संपला की वेल मातीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. मिश्रण तोवर दोनेक इंच बसलेलं असतं. तेवढं कंपोस्ट वरून भरून ढवळायचं. लसणाच्या ओळी तेवढ्या मार्चपर्यंत ठेवायच्या, पात पिवळी पडून कलेपर्यंत. सासूबाई त्या स्वतः काढतात, उभ्या उभ्या, आणि जाड पाकळ्यांचे गड्डे पुढच्या कोजागिरीसाठी वेगळे बांधून माळ्यावर टांगतात.